डांबरगोळ्यांची ट्रंक

दिल्लीहून परत येऊन मला महिना झाला. गल्लीतली प्रत्येक बाई एकच विचारते, "काय काय बघितलंत हो?" लाल किल्ला बघितला, पण रिक्षातून, मान तिरकी करून. कुतुबमिनार राहिला. मी बघितलं ते एका सरकारी क्वार्टरचं अंगण, एका रुग्णालयाचा तिसरा मजला आणि पानिपतचा काला अंब. एवढ्याशा प्रवासात माझ्या मनाची जी उलथापालथ झाली ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले. शाळेत मी शिवण शिकवलं, निबंध नव्हे. तेव्हा कुठे टाका उसवलेला दिसला तर सांभाळून घ्या.

मिरज स्टेशन

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नेम. पण माझ्या लेकीचा, वृंदाचा, रक्तदाब वाढला आणि दिल्लीच्या डॉक्टरांनी तिला प्रवासाची बंदी केली. लेक माहेरी येत नाही म्हटल्यावर माहेरानेच लेकीकडे जायचं ठरवलं. आमचे हे म्हणाले, "डिसेंबरात दिल्ली? मी गोठून मरेन. तूच जा बाई."

सामान म्हणाल तर डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, वेखंड आणि एक निळी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत वृंदाच्या तान्हेपणीची झबली, टोपडी, दुपटी आणि मी हाताने विणलेले दोन लोकरीचे स्वेटर. बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, जुनं, वापरून मऊ झालेलंच घालायचं, ही आमच्या घरची रीत. सव्वीस वर्षं मी ते कपडे जपले होते. दर दिवाळीला ट्रंक उघडायची, विरून बारीक झालेल्या डांबरगोळ्या काढायच्या आणि मूठभर नव्या टाकायच्या. कसर लागली नाही की एका धाग्याला भोक पडलं नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

पोचवायला आक्का आली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, मिरजेतच राहते. गाडीत बसायच्या आधीच माझं डोकं दुखायला लागलं. "आक्का, तुझ्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी असते ना? दे एक." तिने पाकीट काढलं आणि माझ्या हातात न देता बाकावर ठेवलं. "तूच घे तुझी," म्हणाली.

ही तिची जुनी खोड. आक्का स्वतःच्या हाताने कुणाला औषध देत नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. बाटली टेबलावर ठेवणार आणि लांब उभी राहणार. आम्ही सगळे तिला हसतो. मीही हसले. "अगं, विष देतेयस का मला?" म्हटलं. तेवढ्यात गाडी आली.

सरोजिनी नगर

निजामुद्दीनला उतरले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. जावई, सुहासराव, घ्यायला आले होते. केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, बोलणं मवाळ. ट्रंक उचलताना म्हणाले, "आई, यात काय मिरजेचा दर्गा भरून आणलात का?" मी म्हटलं, "तुमच्या मुलाचं राज्य आहे त्यात. जपून न्या."

सरोजिनी नगरचे क्वार्टर म्हणजे दुमजली, पिवळ्या चुन्याच्या इमारती आणि मधोमध हिरवळीचा चौकोन. तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी पहाटेपुरती नसते, ती घरात पाहुणी म्हणून येते आणि मुक्काम ठोकते. फरशीवर पाय ठेववत नाही. म्हणून दहा वाजता ऊन आलं की सगळ्या बायका खाटा, चटया घेऊन हिरवळीवर. मटार सोलायचे, गाजरं किसायची, स्वेटर विणायचे, आणि हे सगळं करताना तोंड क्षणभर बंद ठेवायचं नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे ऊन चुकवण्यात जन्म जातो, इथे उन्हाच्या मागे चटई सरकवत फिरायचं!

खालच्या मजल्यावर चोप्रा आंटी राहायची. आडव्या बांध्याची, आवाज खणखणीत. मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी वृंदाला मुलगा झाला आणि दोन दिवसांनी दोघं घरी आली, तेव्हा आंटी तुपाने थबथबलेली पंजीरी घेऊन हजर. कणीक, तूप, सुकामेवा, सुंठ. मी तिला डिंकाचा लाडू दिला. तिने चावला आणि म्हणाली, "बहनजी, ये तो हमारी पंजीरी ही है, आपने गोल कर दी." माझं हिंदी बेताचंच. मी म्हटलं, "और आपने मोडून ठेवी." कळलं की नाही कोण जाणे, पण हसली.

दुसऱ्या दिवशी आंटीने बाजारातून बाळाला नवा कोरा स्वेटर आणला, पिवळा, बदकाचं चित्र असलेला. सरोजिनी नगरचा बाजार घराच्या पाठीमागेच, कपड्यांचे नुसते डोंगर. मी हात जोडले. "बारह दिन नवा नही. हमारे में जुना घालते हैं." तिने कपाळावर हात मारला. "इतनी ठंड में पुराना?" मी तोऱ्यात ट्रंक उघडली. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला.

पलंगावर पडलेली वृंदा उठून बसली. "आई गं! अगदी आपल्या घराचा वास आला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने दुपटं नाकाला लावलं आणि बाळाला त्यात घेतलं.

कपडे धुवायला हवे होते. मला काय ते कळत नव्हतं? पण दिल्लीच्या थंडीत लोकर तीन दिवस वाळत नाही, आणि गरम पाण्यात घातली तर आटते. म्हटलं, एवढे जपलेले स्वच्छ कपडे, वास म्हणजे काही घाण नव्हे. तासभर उन्हात टाकले आणि घालायला काढले. रोज सकाळी बाळाला पायावर घेऊन खोबरेल तेलाने मालिश, कढत पाण्याने न्हाणं, वेखंडाची पूड, मग झबलं, स्वेटर, टोपडं, वरून दोन दुपट्यांत घट्ट गुंडाळून काखेत. त्या दिवसांत मी जगात कुणाचा हेवा केला नसता.

हिरवळीवर

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवी पुजली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. सुहासराव म्हणाले, "आई, बॉलपेन चालतं का तिला?" आम्ही हसलो. दिव्याच्या उजेडात बाळ मला जरा पिवळं दिसलं.

सकाळी खात्री झाली. सुहासराव लगेच म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊ या." मी उडवून लावलं. "सगळी मुलं पिवळी होतात. वृंदाही झाली होती. ऊन दाखवलं की चार दिवसांत जातं." खोटं नव्हतं ते. मी बाळाला नेहमीपेक्षा जास्तच गुंडाळलं, वरून दुसरा स्वेटर चढवला आणि हिरवळीवर तास दीड तास घेऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्याने त्याला पोळत होतं त्यातच मी त्याला गुंडाळत होते, आणि वर अंगाई म्हणत होते.

तिसऱ्या सकाळी त्याने दूध ओढलं नाही. रडणंही क्षीण. चोप्रा आंटी हातातलं विणकाम टाकून जवळ आली, तिने दुपटं सोडलं आणि बाळाचे तळपाय बघितले. तळपायसुद्धा हळदीसारखे. लंगोट बघितला तर त्यावर चहाचा डाग पडावा तसा रंग. "बहनजी," ती म्हणाली, आणि तिचा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला, "धूप छोड़ो. हस्पताल चलो. अभी." तिनेच पळत जाऊन ऑटो थांबवली.

ऑटोत बसतानाही मला लंगोटावरचा तो डागच दिसत होता. तसा रंग मी आयुष्यात एकदाच बघितला होता, आणि तो विसरायला मला चाळीस वर्षं लागली होती.

तिसरा मजला

रुग्णालय मोठं होतं, त्याचं नाव काही मी सांगत बसत नाही. तिसऱ्या मजल्यावर तान्ह्या मुलांचा विभाग. तिथल्या डॉक्टरीणबाई निघाल्या मराठी, डॉक्टर सबनीस. जन्म करोल बागेतला, पुणं फक्त लग्नकार्यापुरतं बघितलेलं. मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरायच्या, पण मला त्या अनोळखी जागी ते अमृतासारखं वाटलं.

रक्त तपासायला गेलं. बाई म्हणाल्या, "काकू, कावीळ बहुत ज्यादा आहे. रक्त आतल्या आत फुटतंय. हे पिवळं मेंदूत गेलं तर मूल वाचलं तरी ऐकू येणार नाही, चालता येणार नाही. रक्त बदलावं लागेल, आजच. पण आधी मला सांगा, घरात काही खास लावलं, पाजलं? फिनायलच्या गोळ्या, त्या कपड्यांत टाकतात त्या, बाळाच्या जवळ होत्या?"

सुहासराव म्हणाले, "नाही, तसलं काही नाही आमच्याकडे." त्यांना काय माहीत? वृंदाच्या लेखी तो नुसता घराचा वास. दिल्लीत त्यांनी लोकरीचे कपडे कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले. वृंदा खुर्चीत बसली होती, आठ दिवसांची बाळंतीण, डोक्याला रुमाल बांधलेला. तिच्या मांडीवर ते रिकामं दुपटं. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, असं मनात आलं. आलंच, खोटं कशाला बोलू? पण लगेच दुसरं आलं, की मी गप्प राहिले तर उद्या बरं झालेलं मूल पुन्हा त्याच ट्रंकेतल्या कपड्यांत जाईल.

"होत्या," मी म्हटलं. "ह्या दुपट्यात. सव्वीस वर्षं. आणि मी धुतली नाहीत."

बाईंनी दुपटं हुंगलं. रागावल्या नाहीत. "तेल लावत होता?"

"रोज. भरपूर."

"अच्छा. तेलाने ते कातडीतून जास्त आत जातं." त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "आता आठवून सांगा. बाळाच्या आईच्या माहेरी, म्हणजे तुमच्या बाजूला, कुणी मुलगा औषध घेतल्यावर असा पिवळा पडला होता?"

आणि मग सदा बाहेर आला. चाळीस वर्षं ज्याचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं तो माझा धाकटा भाऊ. सदा सहा वर्षांचा, मी आठ, आक्का तेरा. गावात मलेरियाचे लोक फिरत होते, भिंती फवारत, रक्त तपासत. सदाला हिवताप निघाला. त्यांनी गोळ्या दिल्या, रोज एक. आईने दोन दिवसांच्या गोळ्या त्याला एकदम दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला काळी लघवी झाली. चौथ्या दिवशी सदा गेला. आईने स्वतःच सगळ्यांना सांगितलं की गोळ्या मी दिल्या, चूक माझी. वडिलांनी जन्मभर तिला क्षमा केली नाही. आणि मी? वृंदा लहान असताना तिला ताप आला, आईने औषधाची बाटली उचलली, तर मी ती तिच्या हातून हिसकावून घेतली. "राहू दे," म्हटलं, "तू नको देऊस." आईने हात पदराला पुसले. स्वयंपाकघरात गेली.

हे सगळं मी त्या टेबलासमोर उभ्या उभ्या सांगितलं. वृंदा म्हणाली, "मला मामा होता?" मी मान हलवली.

डॉक्टर सबनीसांनी मला खाली बसवलं. "काकू, तुमच्या घरी तांब्याचा हंडा आहे?"

"आहे."

"नुसता ठेवला तर?"

"काळा पडतो. चिंचेने घासावा लागतो."

"बिल्कुल. शरीराचंही तसंच. आपण प्राणवायूवर जगतो, आणि तोच आपल्याला आतून जाळतोही. प्रत्येक पेशीत त्याचे निखारे उडत असतात. म्हणून पेशीत घासूनपुसून ठेवणारी प्रथिनं असतात, दिवसभर काम करतात बिचारी. आणि एक प्रथिन असं असतं की ते ह्या घासणाऱ्यांना चिंच पुरवतं. ते कमी असलं की घासणाऱ्यांचे हात रिकामे. बाकीच्या पेशी दुसरीकडून थोडी चिंच मिळवतात. तांबड्या पेशीला दुसरी वाटच नाही. वरून प्राणवायू वाहायचं काम तिचंच, आणि नवीन प्रथिन बनवायची सोय तिच्याकडे नाही. निघताना जी शिदोरी बांधून घेतली, तेवढ्यावर जन्म काढायचा."

"मग अशी मुलं जगतात कशी?"

"मजेत जगतात. रोजचे निखारे विझवण्याइतकं असतं त्यांच्यापाशी. पण डांबरगोळी किंवा मलेरियाची ती गोळी शरीरात गेली की निखाऱ्यांचा वणवा होतो. दुसऱ्या मुलांना काही होत नाही. ह्यांचं रक्त फुटतं. तपासणीत दिसेलच, पण मला वाटतं तुमच्या नातवाला हेच आहे, आणि तुमच्या भावालाही हेच होतं. आईकडून येतं. आईला बहुधा काहीच त्रास होत नाही, ती नुसती घेऊन चालते. मुलाला मिळालं की उघड होतं."

म्हणजे माझ्या आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून वृंदाकडे, वृंदाकडून बाळाकडे. कमी पडलेली शिदोरीही माझ्याकडची आणि वणवाही मीच ट्रंकेत भरून नेलेला. माहेरचा आहेर म्हणतात तो हा.

मी विचारलं, "बाई, माझ्या आईने दोन गोळ्या एकदम दिल्या नसत्या तर?"

त्यांनी विचार करून उत्तर दिलं, म्हणून मला त्या आवडल्या. "एकेक दिली असती तर कदाचित एक दिवस उशिरा झालं असतं. कदाचित वेळेत थांबवता आलं असतं. पण त्या गोळीने त्याला अपाय होणारच होता. तुम्हाला दोन दिल्या असत्या तर बहुधा पोट दुखलं असतं, बस."

रक्त बदलायला दुपार गेली. बेंबीतून नळी घालून थोडं थोडं काढायचं आणि तेवढंच दुसरं घालायचं. बदली रक्त देण्यासाठी चोप्राजी, आंटींचे यजमान, कचेरीतून तडक आले. बाही वर करून म्हणाले, "अब मुंडा पंजाबी हो गया, बहनजी." मला हसू आणि रडू बरोबरच आलं. काचेपलीकडे निळ्या दिव्याखाली ते एवढंसं पोर, डोळ्यांवर पट्टी, अंगावर चिंधीसुद्धा नाही. एवढ्या थंडीत मी त्याला सात थर घातले होते, आणि त्याला बरं करायला ते सगळे उतरवावे लागले.

संध्याकाळी डॉक्टर सबनीस बाहेर आल्या. "उतरतंय. रडला आत्ता, जोरात." सुहासराव भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी आणि वृंदाने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. ते न म्हणणंच मला सोसत नव्हतं.

क्वार्टरमध्ये परत

पाच दिवसांनी बाळ घरी आलं. ऐकण्याची तपासणी चांगली निघाली, पुढेही करत राहायची आहे. रक्ताच्या तपासणीत ते प्रथिन कमी निघालं. बाईंनी एक कार्ड दिलं, त्यावर टाळायच्या औषधांची यादी, डांबरगोळ्या, आणि बाकला नावाची एक शेंग. "हे सांभाळा म्हणजे शंभर वर्षं जगेल," म्हणाल्या.

ट्रंक मी गॅलरीत काढून ठेवली होती. दुसऱ्या सकाळी पाणी तापलं, पण मी बाळाच्या जवळ गेले नाही. स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत राहिले. माझ्या हाताचीच मला भीती वाटत होती.

वृंदा दारात आली. बाळ तिच्या खांद्यावर. "आई, पाणी गार होतंय."

"तू घाल ना आज. शिकायला हवंच तुला."

"टाके दुखतात माझे. खाली बसता येत नाही." मग तिने बाळाला खांद्यावर सावरलं. "तू मुद्दाम केलंस का ते? नाही ना? मग तेलपाणी कोण करणार, चोप्रा आंटी?"

आणि तिने बाळ माझ्या हातात दिलं. मी पाटावर बसले, पाय लांब केले आणि त्याला पायांवर घेतलं. खूप रडले. मला माझ्या आईची आठवण आली. मी तिच्या हातून बाटली काढून घेतली होती आणि माझ्या लेकीने मूल माझ्या हातात दिलं. एवढाच फरक. पण आईला ते कधी मिळालं नाही.

काला अंब

बारसं लांबणीवर पडलं होतं. आदल्या रविवारी सुहासराव म्हणाले, "आई, पानिपत बघायचं म्हणत होतात ना? चला." दोन तास बसचा प्रवास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं, उसाच्या गाड्या, धुकं. ढाब्यावर मुळ्याचा पराठा आणि वर लोण्याचा गोळा. मी अर्धाच मागितला तर ढाबेवाल्याला माझी कीव आली असावी.

काला अंब म्हणजे गर्दीपासून दूर एक शांत बाग आणि मधोमध दगडी खांब. इथे एक आंब्याचं झाड होतं आणि लढाईत इतकं रक्त सांडलं की झाड काळं पडलं, असं सांगतात. झाड आता नाही. साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. आजोबांनी खांबापाशी नारळ ठेवला, गुलाल वाहिला आणि मोठ्याने म्हणाले, "आमचेबी होते हितं. नावं ठावं न्हाईत." एवढं बोलून टोपी काढून उभे राहिले.

मी तिथेच गवतावर बसले. दोनशेहून जास्त वर्षं झाली, नावं माहीत नाहीत, तरी माणसं एवढ्या लांब नारळ घेऊन येतात. आणि माझ्या भावाचं नाव मला माहीत असून मी चाळीस वर्षं घेतलं नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "सदाशिव." सुहासरावांनी वळून बघितलं. त्यांना कळलं. ते पिशवी घेऊन हळूच पुढे गेले.

बारसं

बारशाला बाळाला चोप्रा आंटींचा बदकवाला नवा स्वेटर घातला, आधी धुवून, दोन दिवस वाळवून. नाव ठेवलं निनाद. पाळण्याखालून घुगऱ्या वाटल्या, आंटी ढोलकी घेऊन बसली आणि पाळणा म्हणायच्या जागी काय ते पंजाबी गाणं झालं! मी दुपटी उकळत्या सोड्याच्या पाण्यात तीन वेळा धुतली, तरी बाळाला लावली नाहीत. त्यांची फरशी पुसायची फडकी केली. मन तुटलं, पण केली.

पुन्हा मिरज

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आक्काकडे गेले. कार्ड पदरात. ती शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, तांब्याचा हंडा, चिंच, शिदोरी, सगळं. शेवटी म्हटलं, "आक्का, आईची चूक नव्हती गं. सदाला ती गोळी सोसणारच नव्हती."

आक्काचे हात थांबले.

"कुसे," ती म्हणाली, "गोळ्या आईने दिल्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"आई बाजारला गेलेली. मला सांगून गेली, एक गोळी दे. मला वाटलं दोन दिल्या तर लवकर बरा होईल. चिंचा पाडायला मला सोबत हवी होती, आणि झाडावर तोच चढायचा. आईने संध्याकाळी पुडी बघितली आणि तिला कळलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, कुणाला सांगायचं नाही, मी दिल्या म्हणेन. तुझं लग्न व्हायचंय." आक्काने शेंगांची टोपली बाजूला सारली. "ती जाईपर्यंत मी रोज ठरवायची, आज सांगीन, आज सांगीन."

तेव्हा कुठे मला कळलं, ती पाकीट बाकावर का ठेवायची. आम्ही त्यावर किती हसलो होतो! मी तिचा हात धरला. आणि डॉक्टरीणबाईंचे शब्दच जसेच्या तसे सांगितले. पोट दुखलं असतं, बस. आक्काने ते मला तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकून ती रडली, तेरा वर्षांची असताना रडायची राहिली होती तशी.

दुपार झाली. जेवण झालं. माझी रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली, म्हणून मी पिशवी चाचपायला लागले. आक्का म्हणाली, "थांब." तिने माझ्या पिशवीतून पाकीट काढलं. चष्मा लावून नाव वाचलं. पाण्याचं भांडं भरलं. "एकच ना?" विचारलं.

"एकच," मी म्हटलं आणि हात पुढे केला. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली.